चाकणची अप्रेंटिसशिप अर्धवट सोडून कोल्हापुरात मामाच्या वायरिंगच्या दुकानात यावं का?

कळंबा_वायरमन

नमस्कार मंडळी. मी कळंबा रोडच्या सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेड केला. एप्रिलपासून चाकणला एका कार कंपनीत अप्रेंटिस आहे, गाडीच्या इलेक्ट्रिकल कामावर. वर्षाचा करार आहे, सात महिने झाले. दिवाळीला घरी आलोय आणि घरात एकच विषय चाललाय, म्हणून इथं विचारतोय.

मामाचं उद्यमनगरात वायरिंगचं दुकान आहे. उसाचा सीझन सुरू होतोय, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलीय, त्याला हाताखाली माणूस पाहिजे. मामा म्हणतो, "तिकडं क्लिपा दाबत बसण्यापेक्षा इकडं ये, सहा महिन्यांत कारागीर करतो तुला." आई म्हणते, हाती घेतलंयस तर पुरं कर. वडील काहीच बोलत नाहीत. ते स्वतः कारखान्याला ट्रॅक्टर चालवतात. मामाचं काम त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसतं, माझं कधीच दिसलेलं नाही.

मामाचं अगदीच चूक नाही. माझं स्टेशन म्हणजे गाडीचा मागचा डावा कोपरा. साधारण ७० सेकंदाला एक गाडी पुढं येते. तेवढ्यात हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, पत्र्यावरून फिरवायचा, सहा क्लिपा भोकात दाबायच्या, तीन कपलर (वायरी एकमेकींत जोडायचे प्लॅस्टिकचे जोड) जोडायचे आणि अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडं परत नेणाऱ्या वायरीची थिंबल (टोकाची धातूची कडी) पत्र्याला बोल्टनं आवळायची. गनवर हिरवा दिवा लागला की झालं, पुढची गाडी. कपलरसाठी आम्हाला पुश, क्लिक, पुल असं शिकवलंय. दाबायचं, आवाज ऐकायचा, मागं ओढून बघायचं. पहिल्या महिन्यात रात्री अंगठ्यांना हात लावू देत नव्हतो, आता निबर झालेत. पण सात महिने तोच कोपरा. बॉनेटखालचा फ्यूज बॉक्स मी अजून नीट उघडून बघितलेला नाही.

दोनच दिवस वेगळे गेले. ऑगस्टमध्ये रीवर्कमधला, म्हणजे लाईनवरून चूक घेऊन आलेल्या गाड्या दुरुस्त करतात तिथला, एक जण सुट्टीवर होता म्हणून मला तिकडं पाठवलं. तिथं एक गाडी उभी होती. ब्रेक दाबला की मागच्या डाव्या दिव्यात इंडिकेटरपण मंद पेटायचा. मी बल्ब बदलला, फ्यूज बघितला. मग मीटरचा बझर लावून अर्थ तपासली. बीप आली. म्हटलं, अर्थ ओके आहे. तिथले सीनियर काका म्हणाले, "बझरनं वायर आहे एवढंच कळतं. ती लोड घेते का ते लोड टाकूनच बघायचं." त्यांनी मीटर डीसी व्होल्टवर घेतला. एक लांब वायर जोडून काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब दिव्याच्या कपलरमध्ये मागच्या बाजूनं अर्थच्या वायरीला. लोड पडावा म्हणून मला ब्रेक दाबायला सांगितला. ४.१ व्होल्ट! चांगल्या अर्थला तिथं ०.१ च्या आसपास यायला पाहिजे.

ट्रिम, म्हणजे आतलं झाकण, उघडली. थिंबलला एक छोटी जीभ असते, ती पत्र्याच्या खाचेत बसली की आवळताना थिंबल फिरत नाही. ती जीभ खाचेत न बसता पत्र्यावर चढली होती. त्यामुळं थिंबल तिरकी, एका कडेवर टेकलेली. ब्रेकच्या बल्बचा करंट अर्थला जाता येईना म्हणून इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढत होता. बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) मात्र बरोबर, गनवर हिरवा दिवा लागलेला. आणि ते स्टेशन माझं. गाडीची वेळ बघितली, तर शिफ्टपण माझीच.

त्या रात्री मला झोप आली नाही. काका ओरडले नाहीत. त्यांनी बोल्ट काढून माझ्याच हातानं परत बसवून घेतला आणि मीटर परत लावला. ०.०६. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीला ती जीभ खाचेत बसली का हे बोटानं चाचपतो आणि मगच गन लावतो.

ते दोन दिवस सोडले तर आपण काही शिकतोय असं वाटत नाही. स्टायपेंड हातात साडेबारा हजार येतो, खोलीत पाच जण राहतो, घरी पाठवायला फार उरत नाही. पर्मनंट करतील याचा भरवसा नाही. उरलेले पाच महिने काढावेत, की मामाकडं यावं? ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी सांगावं.

उचगाव_बॅटरी

भावा, सरळ घरी ये. मी पुण्यात दोन वर्षं काढली, खोलीभाडं आणि मेसमध्येच पगार गेला. स्वतःच्या मामाचं दुकान आहे, जागा आहे, गिऱ्हाईक आहे. एवढं सगळं आयतं कुणाला मिळतं? सीझनमध्ये ट्रॉलीवाले रोख देतात. विचार करू नको.

उद्यमनगर_वायरिंग

वरच्या पोराचं मत त्याच्या अनुभवाचं आहे, पण मी वेगळं सांगणार आहे. जरा मोठं होईल, वाच.

माझं उद्यमनगरातच वायरिंगचं दुकान आहे, तीस वर्षं होत आली. तुझ्या मामाला मी ओळखत असेनही. मी चौदाव्या वर्षी हाताखाली लागलो. पहिलं वर्षभर नुसते सेल्फ आणि डायनामो खोलून रॉकेलमध्ये धुतले. उस्तादानं कधी बसवून सांगितलं नाही, त्याचा हात बघून शिकायचं. ॲम्बेसेडर, जीप, मॅटाडोर, ट्रक या गाड्यांची सगळी वायरिंग डोक्यात मावायची. टेस्ट लॅम्प हातात असला की बास. डायग्राम नावाचा कागद असतो हे मला पंचविशीत कळलं, आणि तो वाचायला अजून नीट येत नाही. आता तर गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ ची असली की मी आधी गिऱ्हाईकाला विचारतो, शोरूमला दाखवलीस का? हे विचारताना मला काय वाटतं ते माझं मला माहीत.

२०१९ चा महापूर तुला आठवत असेल. ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत टो करून आणलेल्या गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. त्यातली एक, सीटपर्यंत पाण्यात राहिलेली. चावी फिरवली की मीटरवरचे सगळे दिवे पेटायचे आणि सेल्फ मारायचा नाही. मी बॅटरी बदलली, रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बदलला, सेल्फ खोलून साफ केला, गाडीचा कॉम्प्युटर काढून सुकवून घेतला. आठ दिवस गेले. मालक रोज संध्याकाळी येऊन बाकड्यावर बसायचा, नवी गाडी होती, हप्ते चालू होते. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

आठव्या दिवशी एक पोरगा मोटारसायकलची बॅटरी चार्जिंगला घेऊन आला. तुझ्यासारखाच, पुण्याकडं कार कंपनीत अप्रेंटिसशिप करून आलेला. बघत उभा होता. म्हणाला, "काका, मीटर देता का?" आधी बॅटरीची टर्मिनल काढली. स्टिअरिंगखालच्या स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर प्रोब लावले आणि ओहम मोजले. १२० आले. म्हणाला, "६० यायला पाहिजेत. या दोन वायरींच्या दोन्ही टोकांना १२०-१२० चा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर मिळून ६० दिसतात. १२० म्हणजे एक टोक तुटलंय, कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत." मग मोबाईलवर डायग्राम काढला, ती पिळाची जोडी कुठून कुठं जाते बघितलं आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलायला सांगितलं.

खालचा फोम अजून ओला होता. दाबला तर गढूळ पाणी वर आलं. त्या चिखलात एक कपलर. वरून बघायला एकदम चांगला, पण लॉक दाबून ओढला तर आतली पिन हिरवी भुकटी होऊन गळून पडली. तेवढी एक पिन. नवी पिन मारली, कपलर साफ केला, मीटर लावला, ६०. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. मालकानं त्या पोराचा हात धरला तो सोडेना.

मी आठ दिवस पार्ट बदलत होतो, त्यानं दहा मिनिटं मोजून बघितलं. हे मी माझ्या पोरालाही सांगतो. तुला त्या रीवर्कच्या काकांनी जे दाखवलं ना, मीटर लोडवर लावायचा, ते मला कुणी चौदाव्या वर्षी दाखवलं असतं तर माझी अर्धी मेहनत वाचली असती. आणि तू जी जीभ बोटानं चाचपतोस, ती सवय पैसे देऊन मिळत नाही. म्हणून पाच महिने पुरे कर. पण त्याच कोपऱ्यात उभा राहू नको, त्या काकांच्या मागं लाग.

एक मात्र ऐक. मामाच्या ट्रॉल्यांना हलकं समजू नको. आमच्याकडं बहुतेक ट्रॉल्यांची अर्थ वेगळी घेतलेलीच नसते, ती हुकातून जाते. हुकाला ग्रीस, गंज, माती. मागचा दिवा मिणमिणतो नाहीतर लागतच नाही. रात्री राधानगरी रोडला नाहीतर गगनबावडा रोडला ऊस भरलेली बिनदिव्याची ट्रॉली पुढं असेल, तर मोटारसायकलवाल्याला ती दहा फुटांवर आल्यावर दिसते. अशी माणसं गेलेली मी बघितलीत, एक आमच्या भावकीतलं होतं. ट्रॉलीचे दिवे ट्रॅक्टरला जोडायच्या सात पिनच्या सॉकेटमध्ये ३ नंबरची पिन अर्थसाठीच असते, पण निम्म्या ट्रॉल्यांना तिथं वायरच जोडलेली नसते. आता सुट्टीवर आहेस ना? जा मामाच्या दुकानात, एका ट्रॉलीवर तेच मोजमाप करून बघ आणि इथं आकडा लिही.

शिरोली_टेक

मी चाकणला वर्ष पूर्ण केलंय, दुसऱ्या एका कंपनीत. तू पर्मनंटचा विषय काढलास म्हणून सांगतो. शेवटच्या दिवशी आमच्या ६० जणांच्या बॅचचा हॉलमध्ये फोटो काढला, प्रत्येकाला एक बॅग दिली आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन बॅच आली. एकालाही घेतलं नाही. वर्षभर "चांगलं काम केलंस तर बघू" म्हणत राहिले होते. मी ते खरं धरून चाललो होतो आणि घरी तसंच सांगितलं होतं, त्याचा मला फार त्रास झाला. तेव्हा ती आशा मनातून काढून टाक आणि मग हिशोब कर.

आता दुसरी बाजू. आज मी शिरोलीला एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकल बघतो. मुलाखतीत मॅनेजरनं एक रिले हातात दिला आणि विचारलं, यातल्या ८५, ८६, ३०, ८७ या पिना कशाच्या ते सांग. मी सांगितलं. कॉइल ८५-८६ वर, बॅटरीकडून ३०, लोडकडं ८७. तिथंच काम झालं. माझ्याबरोबर आलेले दोघं दुकानात पाच-पाच वर्षं काम केलेले होते, पण त्यांना ते आकड्यांत सांगता आलं नाही.

रीवर्कला मागून पाठवत नाहीत हा माझा अनुभव. मी तीन महिने सुपरवायझरला विचारत होतो. शेवटी शिफ्ट सुटल्यावर तासभर थांबून रीवर्कवाल्यांना टूल द्यायला लागलो, मग त्यांनीच मागून घेतलं. तूपण तसंच कर.

आणि तुमच्याकडं ईव्ही लाईन असेल तर तिचं ट्रेनिंग चुकवू नको. पण ट्रेनिंग झाल्याशिवाय नारिंगी केबलला हात लावायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी. ते १२ व्होल्ट नाहीत, तिथं काही शे व्होल्ट असतात.

मेंटेनन्सवाली

मीपण आयटीआयचीच, गोकुळ शिरगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडं अप्रेंटिस येतात, त्यांचे कागद मी बघते, म्हणून दोन गोष्टी.

शिरोलीच्या दादांचं बाकी सगळं पटलं, शिफ्टनंतर थांबण्याचं नाही. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ प्रमाणे अप्रेंटिसला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही, अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची मंजुरी लागते. शिकताना दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. पण तू शिफ्ट सुटल्यावर आपल्या मनानं थांबलास आणि हात सापडला, तर तू तिथं कशासाठी होतास इथूनच वाद सुरू होईल. आमच्याकडं एका मुलाचं असं झालंय, बोट गेलं आणि सहा महिने नुसते कागद फिरत होते. मला तो मुलगा अजून डोळ्यांसमोर दिसतो.

दुसरं म्हणजे तुझी रोजच्या कामाची नोंदवही. त्यात बहुतेक मुलं "हार्नेस फिटिंग" एवढंच रोज लिहितात. तू लिहितोस का, की रीवर्कच्या दोन दिवसांत काय मोजलं, किती आलं, काय सापडलं? ते लिही. आणि सात महिने एकाच स्टेशनवर ठेवलं असेल तर ट्रेडच्या अभ्यासक्रमातलं काय काय राहिलंय याची यादी करून ट्रेनिंग विभागाला लेखी अर्ज दे, पोच घे. तिथं हललं नाही तर बीटीआरआय, म्हणजे अप्रेंटिसच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या सरकारी केंद्रात जाऊन भेट. अप्रेंटिस हा कायद्यानं शिकणारा आहे, कामगार नाही. शिकवणं हे त्यांनी करारात कबूल केलेलं आहे, तू काही उपकार मागत नाहीस.

वर्ष पूर्ण करून परीक्षा पास झालास तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. आता सोडलंस तर सात महिने गेले आणि हातात कागद नाही.

कळंबा_वायरमन

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणं काल मामाच्या दुकानात गेलो.

एक ट्रॉली आली होती, मालकाचं म्हणणं, मागचा ब्रेक लाईट लागतो पण दिसत नाही. मामानं नवा बल्ब काढूनच ठेवला होता. मी म्हटलं, थांब, आधी मोजू दे. काळी प्रोब ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब ट्रॉलीच्या दिव्याच्या होल्डरवर. ब्रेक दाबायला ट्रॅक्टरवर कोण बसणार, तर वडील तिथं उभे होते, तेच चढले. ५.३ व्होल्ट आले. म्हणजे १२ मधले जवळजवळ निम्मे त्या हुकातच जात होते. मामाला दाखवलं. तो म्हणाला, हुक घासून देऊ. घासला, तर १.८ वर आलं. मग मी वडिलांना ट्रॅक्टर जरा पुढं-मागं करायला सांगितला, हुक हलला आणि आकडा परत चारच्या वर गेला. तेव्हा मामा गप्प झाला.

सॉकेट उघडलं, ३ नंबरची पिन रिकामीच. तिच्यापासून मागच्या दोन्ही दिव्यांपर्यंत अडीच एमएमची पांढरी वायर ओढली, चेसिसला दर दोन फुटांवर बांधली, थिंबल मारली. होल्डरखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, वर ग्रीसचा हात दिला. ओढून बघितलं. परत मीटर लावला, ०.२.

तोवर अंधार पडला होता. वडिलांनी ब्रेक दाबला आणि समोरच्या चहाच्या गाड्यापर्यंत सगळा रस्ता लाल झाला. ते ट्रॅक्टरवरून उतरून मागं आले, दिव्याकडं बघत थोडा वेळ उभे राहिले. मग मला विचारलं, "कंपनीत हेच करतोस?" मी म्हटलं, एका कोपऱ्यात हेच करतो. त्यांनी मीटर हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

ताई, नोंदवही काल रात्री काढली, ऑगस्टचे दोन दिवस आठवून आकड्यांसकट लिहिले. अर्जाचा मसुदा करतोय, झाला की इथं टाकतो, चूक असेल तर सांगा. शिरोलीच्या दादा, शिफ्टनंतर थांबणार नाही, पण रीवर्कच्या काकांना जेवणाच्या सुट्टीत भेटणार आहे. मामाशी बोलणं झालं. मार्चअखेर करार संपेपर्यंत तो दुसरा पोरगा बघतोय.

रविवारी रात्रीच्या एसटीनं निघायचंय. त्याआधी उद्या सकाळी आमच्या वडिलांची ट्रॉली घ्यायचीय, मामानं पांढऱ्या वायरीचं अख्खं बंडल आणून ठेवलंय.